‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ : एका विशेषणाचा आणि रसिकमताचा इतिहास

१

कोणत्याही कलाप्रकाराचा इतिहास दोन ठिकाणी घडत असतो. एक समीक्षकांच्या लेखनात आणि दुसरा रसिकांनी एकमेकांना केलेल्या शिफारशींत. सामान्यतः या दोहोंत फारसे अंतर पडत नाही. इंग्लंडमध्ये १९६७ च्या सुमारास आकारास आलेल्या आणि पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीताच्या बाबतीत मात्र हे अंतर विलक्षण मोठे आहे. वृत्तपत्रीय समीक्षेने रूढ केलेली हकीकत थोडक्यात अशी : रॉकसारख्या रांगड्या, नाचऱ्या संगीतास अभिजाततेची हाव सुटली, तीन मिनिटांचे गीत वीस मिनिटांचे झाले, अवडंबर वाढत गेले आणि १९७६-७७ मध्ये आलेल्या पंक संगीताच्या लाटेत हा सारा डोलारा वाहून गेला. या हकीकतीला बोधकथेचा घाट आहे आणि तिच्या लोकप्रियतेचे रहस्यही बहुधा त्यातच असावे.

रसिकांची हकीकत याहून वेगळी आहे. ‘आरंभ कशापासून करावा?’ असे एखाद्या नवागताने विचारले असता जाणता रसिक ज्या ध्वनिमुद्रिका सुचवितो, त्यांपैकी पहिल्या चार-पाच बहुधा ठरलेल्या असतात. किंग क्रिम्सन या वृंदाची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ (१९६९), येसची ‘क्लोज टू द एज’ (१९७२), जेथ्रो टलची ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२), जेनेसिसची ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) आणि पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) ही ती नावे होत. वाद सुरू होतो तो सहाव्या नावापासून; आणि अभ्यासकाच्या दृष्टीने खरे महत्त्व या वादासच आहे. कारण तो वाद वरकरणी आवडीनिवडीचा दिसला, तरी वस्तुतः तो ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाच्या अर्थाविषयीचा वाद आहे. रसिकांच्या या शिफारशींना पुरावा म्हणून कितपत मोल द्यावे, हे त्या शब्दाचा इतिहास तपासल्यावाचून ठरविता येत नाही.

२

लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणे. त्यांवरून आलेले हे विशेषण मूलतः गतिवाचक आहे. मराठीत त्यास दोन प्रतिशब्द आहेत; परंतु ‘प्रागतिक’ म्हटले की नेमस्तांचे राजकारण आठवते आणि ‘पुरोगामी’ म्हटले की सामाजिक विचारसरणी. यास्तव प्रस्तुत निबंधात मूळ शब्दच ठेविला आहे. संगीताच्या क्षेत्रात हे विशेषण रॉकपूर्वीही वावरत होते. अमेरिकेत स्टॅन केंटन यांनी १९४७-४८ मध्ये आपल्या वाद्यवृंदाच्या संगीतास ‘प्रोग्रेसिव्ह जॅझ’ असे नाव दिले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ते रॉकला लावले जाऊ लागले, तेव्हाही त्याचा अर्थ व्यापकच होता. नृत्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी रचलेले, रूढ गीताची चौकट ओलांडू पाहणारे कोणतेही संगीत त्यात सामावत असे. डेका कंपनीने १९६६ मध्ये डेरम, ईएमआयने १९६९ मध्ये हार्वेस्ट आणि फिलिप्सने त्याच वर्षी व्हर्टिगो या उपमुद्रा काढल्या, त्या अशाच नव्या संगीतासाठी उपयोगात आल्या. हार्वेस्टने पिंक फ्लॉइडचे ध्वनिमुद्रण केले, तर व्हर्टिगोच्या यादीत ब्लॅक सॅबथ आणि जेंटल जायंट हे परस्परांहून अगदी भिन्न वृंद शेजारी शेजारी नांदत होते. आज यांतील पहिल्यास कोणी ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणणार नाही.

संस्कृतात कोणत्याही पशूला लावला जाणारा ‘मृग’ हा शब्द जसा पुढे हरणापुरता उरला, तसा अर्थसंकोच येथेही घडला. १९७० ते १९७५ या अवधीत ज्या पाच-सहा इंग्रजी वृंदांना मोठे यश मिळाले, त्यांच्या संगीताचे विशेष म्हणजेच ‘प्रोग्रेसिव्ह’ असे समीकरण झाले. दीर्घ रचना, मेलोट्रॉन व सिंथेसायझर यांचा वापर, विषम मात्रांची आवर्तने, पुराणकथेचे वा विज्ञानकथेचे वळण असलेली गीते, आणि रॉजर डीनसारख्या चित्रकाराने रंगविलेली वेष्टने, ही ती लक्षणे होत. गतिवाचक विशेषण अशा रीतीने शैलीवाचक नाम बनले. त्यापाठोपाठ अर्थापकर्षही आला. इंग्रजी वृत्तपत्रांत ‘प्रोग्रेसिव्ह’चे ‘प्रॉग’ झाले आणि या तुटक रूपाला पुष्कळदा उपहासाची छटा असे. या संक्षेपात मूळ शब्दातील ‘पाऊल टाकणे’ हा अंशच गळून गेला, हा योगायोग मार्मिक आहे.

३

शब्दाबरोबर साधनांचाही विचार करणे अवश्य आहे, कारण या संगीताचा आकार बऱ्याच अंशी साधनांनी ठरविला. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मावत. हिंदुस्थानी गायकांनाही एके काळी आपला ख्याल तेवढ्यात आटोपावा लागे, हे सर्वश्रुत आहे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले. तरीही जवळजवळ दोन दशके रॉक संगीताने या जागेचा उपयोग सुट्या गाण्यांची मालिका साठविण्यापुरताच केला. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ने (१९६७) सबंध तबकडी हे एकच रचनाक्षेत्र मानता येते हे दाखवून दिले, आणि त्याच वर्षी मूडी ब्लूज यांनी ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’मध्ये वाद्यवृंदाच्या साथीने एका दिवसाचे प्रहर क्रमाने गायिले. पुढील काळातील ‘एक बाजू, एक रचना’ या प्रकाराचे मूळ तबकडीच्या या मापात आहे. पिंक फ्लॉइडची ‘एकोज’ (१९७१) आणि जेनेसिसची ‘सपर्स रेडी’ (१९७२) या दोन्ही रचना सुमारे तेवीस मिनिटांच्या आहेत, यात नवल नाही.

दुसरे साधन म्हणजे मेलोट्रॉन. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथे तयार झालेल्या या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली एक ध्वनिफीत असते. पट्टी दाबली की त्या फितीवर मुद्रित केलेला व्हायोलिनसमूहाचा वा बासरीचा स्वर उमटतो आणि सुमारे आठ सेकंदांनी फीत संपते. अर्थात स्वर अमर्याद काळ लांबविता येत नाही, स्वरमेळ पुनःपुन्हा नव्याने उचलावा लागतो. या वाद्याच्या संगीतात जो किंचित थरथरता, विषण्ण भाव जाणवतो, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी यंत्राच्या या उणिवेस द्यावे लागेल.

४

आता शिफारशींकडे वळणे इष्ट होईल. किंग क्रिम्सनची पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अवघ्या पाच रचना आहेत. पहिली कर्कश व आक्रमक, दुसरी बासरीच्या साथीची अत्यंत मृदू. आणि इयन मॅकडॉनल्ड यांच्या मेलोट्रॉनने तिसऱ्या व पाचव्या रचनेस दिलेली भव्यता यापूर्वी रॉकमध्ये ऐकू आली नव्हती. रसिकांच्या बहुतेक याद्या येथून सुरू होतात हे योग्यच आहे. तथापि या वृंदाचे वैशिष्ट्य असे की, त्याने हा साचा पुढे जपला नाही. डिसेंबर १९६९ मध्येच मॅकडॉनल्ड व ढोलवादक मायकेल जाइल्स यांनी बाहेर पडण्याचे ठरविले. त्यानंतर रॉबर्ट फ्रिप यांनी दर दोन-तीन वर्षांनी नवा संच व नवी ध्वनिपद्धती उभी केली.

येसची ‘क्लोज टू द एज’ ही सुमारे एकोणीस मिनिटांची रचना चार भागांची आहे. आरंभी पक्ष्यांचा व वाहत्या पाण्याचा आवाज, त्यातून एकाएकी उसळणारा गिटारचा कल्लोळ. पुढे मुख्य पद, नंतर जवळजवळ स्तब्ध झालेला तिसरा भाग व त्यातील चर्चच्या ऑर्गनचा नाद, आणि अखेरीस पूर्वीच्याच पदाचे उंच स्वरांत पुनरागमन होऊन पुन्हा तेच पाणी व तेच पक्षी. येथे दैर्घ्य मिरविण्यासाठी नाही. तिसऱ्या भागातील स्तब्धता नसती तर चौथ्या भागातील पुनरागमनाचा आनंद मिळाला नसता, आणि ती स्तब्धता साधण्यास वेळ लागतोच. दीर्घ रचनेची हीच कसोटी मानता येईल : कोणता भाग गाळला असता दुसरा कोणता भाग दुर्बळ होतो? ज्या रचनेतून कोणताही भाग बिनदिक्कत गाळता येतो, ती केवळ लांब होय.

मराठी श्रोत्यास या संदर्भात एक स्वाभाविक लाभ आहे. रॉकच्या चार मात्रांच्या सवयीतून आलेल्या श्रोत्यास पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’तील सात मात्रांचे आवर्तन किंवा ‘सपर्स रेडी’तील नऊ मात्रांचा खंड चमत्कारिक वाटतो, आणि पाश्चात्त्य रसिकांच्या शिफारशींत अशा आवर्तनांचा उल्लेख पराक्रम म्हणून येतो. रूपक व झपताल ज्याच्या कानावर लहानपणापासून आहेत, आणि एकच राग तासभर ऐकण्याची ज्यास सवय आहे, त्याला विषम मात्रा वा दीर्घ अवधी यांचे एवढ्यावरून कौतुक वाटण्याचे कारण नाही. त्या मात्रांतून काय साधले, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरतो. ‘सपर्स रेडी’त नऊ मात्रांच्या अखंड आघातावर टोनी बँक्स यांचा ऑर्गन वेगळ्याच वजनाने चालतो आणि त्या ओढाताणीतून अंतकाळाच्या दृश्याचे भय उभे राहते, तेथे साधन सार्थकी लागले आहे.

जेनेसिसच्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’चे स्थान आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. शीर्षकातील ‘पाउंड’ हे चलनही आहे आणि वजनही. देश विकला जातो तो पैशाने आणि तोलून, असा तो श्लेष आहे. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ या रचनेचे नाव तर स्कॉटलंडमधील ‘फर्थ ऑफ फोर्थ’ या खाडीच्या नावावर, ‘फोर्थ’ म्हणजे ‘चौथा’ असा ध्वनिसादृश्यातून निघणारा अर्थ धरून केलेली कोटी आहे. या संगीतावर अवडंबराचा आरोप करणाऱ्यांनी त्यातील हा खेळकरपणा क्वचितच लक्षात घेतला. ‘थिक ॲज अ ब्रिक’ची कथा याहूनही बोलकी आहे. जेथ्रो टलच्या आधीच्या ‘ॲक्वालंग’ (१९७१) या ध्वनिमुद्रिकेस समीक्षकांनी एकसूत्री रचना ठरविले, तेव्हा इयन अँडरसन यांनी अशा रचनांचे विडंबन म्हणून तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारे एकच गीत रचले, ते आठ वर्षांच्या एका काल्पनिक मुलाच्या नावावर घातले आणि वेष्टन म्हणून एक खोटे गावठी वृत्तपत्र छापले. श्रोत्यांनी विडंबनाची दाद दिली, पण गीतही मनापासून स्वीकारले. ते आज या प्रकाराचा उत्तम नमुना मानले जाते. विडंबन म्हणून केलेली कृतीच आदर्श ठरते, तेव्हा ती शैली पूर्णपणे सिद्ध झाली आहे असे समजावे.

५

सिद्ध शैली आपल्याच भाराने कशी वाकते, हे येसच्या पुढल्याच मोठ्या उद्योगात दिसते. आणि भारतीय वाचकास तो विशेष विचारार्ह वाटेल. डिसेंबर १९७३ मध्ये ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. चार बाजू, चार रचना. तिची कल्पना गायक जॉन अँडरसन यांना परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेवरून सुचली. त्या टिपेत शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराण व तंत्र असे चार वर्ग सांगितले आहेत. चार रचनांची नावे पाहता अनुवादाची पद्धत ध्यानात येते. ‘द रिमेंबरिंग’ हे ‘स्मृ’ या धातूचे आणि ‘द एन्शंट’ हे ‘पुराण’ या विशेषणाचे अगदी शब्दशः भाषांतर आहे. उलट ‘श्रुती’तील ऐकण्याचा अर्थ सोडून ‘द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड’ या नावात ईश्वरी प्रकटीकरणाची कल्पना घेतली आहे. आणि ‘तन्’ म्हणजे ताणणे, विणणे या धातूवरून आलेल्या ‘तंत्रा’चे ‘रिच्युअल’, म्हणजे केवळ विधी, झाले आहे. जी कलाकृती आद्यंत ऐकण्यासाठीच आहे, तिच्या शीर्षकातून ‘ऐकणे’ तेवढे निसटावे, हे खेदजनक आहे.

तथापि दोष अनुवादाचा नाही. चार बाजू भरावयाच्या हे आधी ठरले आणि संगीत मागून आले, हा खरा दोष होय. वर सांगितलेली कसोटी लावली तर दुसऱ्या व तिसऱ्या बाजूंतून बरेच काही गाळता येते, आणि उरलेल्यास बाध येत नाही. इंग्लंडमध्ये ही ध्वनिमुद्रिका विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचली. परंतु वृंदातील वादक रिक वेकमन यांनाच ती मानवली नाही व १९७४ मध्ये ते बाहेर पडले. रसिकांत या ध्वनिमुद्रिकेवर आजही जेवढा वाद होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या कृतीवर होत असेल. हा वाद प्रामाणिक आहे, आणि ‘रसिक आंधळेपणाने स्तुती करतात’ या आक्षेपास तो पुरेसे उत्तर आहे.

६

रसिकांच्या याद्यांत एक उणीव मात्र मान्य करावी लागते. त्या बहुतांशी इंग्रजी भाषेत अडकलेल्या आहेत. इटलीत १९७२ या एकाच वर्षी प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी या वृंदाच्या ‘स्तोरिया दी उन मिनुतो’ व ‘पेर उन अमिको’ अशा दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या; भूमध्यप्रदेशीय गीतमाधुर्य आणि कसलेले वादन यांचा असा मेळ इंग्लंडमध्येही विरळा होता. पुढील वर्षी याच सामग्रीपैकी बरीचशी ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ या नावाने इंग्रजीत आली. तीतील शब्द किंग क्रिम्सनचे पूर्वीचे गीतकार पीटर सिनफील्ड यांचे आहेत. ते भाषांतर नाही. जुन्या चालींवर बसविलेली ती नवी गीते आहेत. ‘एका मित्रासाठी’ या अर्थाच्या शीर्षकगीताचे ‘भुतांची छायाचित्रे’ व्हावे, यावरूनच अंतराची कल्पना येईल. इटालियन शब्दांतील स्वरान्त अक्षरे लांबवून गाण्यास सोयीची असतात. व्यंजनान्त इंग्रजी शब्द त्याच चालीवर आखडल्यासारखे वाटतात. यास्तव मूळ इटालियन ध्वनिमुद्रिकाच ऐकाव्यात.

फ्रान्समधील माग्मा वृंदाचे ख्रिस्तियाँ व्हांदेर यांनी तर भाषेचा प्रश्न मुळापासूनच सोडविला. आपल्या संगीतास फ्रेंच भाषा अपुरी पडते असे वाटल्यावरून त्यांनी ‘कोबायन’ नावाची स्वतंत्र भाषा रचली आणि १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून तीत गायिले. तिचा तोंडवळा जर्मन व स्लाव्ह भाषांची आठवण करून देणारा, व्यंजनप्रधान आहे. अर्थापेक्षा आघातास तीत अग्रस्थान आहे. ‘मेकानिक देस्त्रुक्तिव कोमान्दो’ (१९७३) ही त्यांची कृती ऐकताना शब्द समजत नाहीत याची खंत श्रोत्यास वाटत नाही. ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाचा मूळ गतिवाचक अर्थ प्रमाण मानला, तर ही कृती प्रत्येक यादीत पहिल्या दहांत असावयास हवी. बहुतेक याद्यांत ती तेथे नसते, याचे कारण एवढेच की ती येस किंवा जेनेसिससारखी ऐकू येत नाही.

७

आता १९७७ च्या दंतकथेचा परामर्श घेतला पाहिजे. पंकने प्रोग्रेसिव्ह रॉक संपविले, हे विधान घटनाक्रमाशी जुळत नाही. किंग क्रिम्सनचे विसर्जन फ्रिप यांनी १९७४ मध्येच केले. पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये जेनेसिसमधून बाहेर पडले. या दोन्ही घटना पंकच्या उदयापूर्वीच्या आहेत. उलट खुद्द १९७७ मध्ये येसची ‘गोइंग फॉर द वन’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होती आणि इमर्सन, लेक अँड पामर यांचे ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ सुट्या तबकड्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. याच वृंदाने त्या वर्षी सबंध वाद्यवृंद बरोबर घेऊन अमेरिकेचा दौरा काढला आणि खर्च न पेलल्याने तो वाद्यवृंद मध्येच सोडून द्यावा लागला. म्हणजे दुखणे अंगचेच होते. पंकचे अग्रणी सेक्स पिस्टल्सचे गायक जॉन लायडन यांनी तर १९७७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या गाण्यांत व्हॅन डर ग्राफ जनरेटर या वृंदाचे पीटर हॅमिल यांची गाणी आवर्जून वाजविली. दोन सैन्ये समोरासमोर ठाकली होती, हे चित्र पुढे रंगविलेले आहे.

१९८० नंतर शब्दाचे दोन अर्थ उघडपणे दोन दिशांना गेले. १९८१ मध्ये फ्रिप यांनी किंग क्रिम्सन पुन्हा उभे केले. ‘डिसिप्लिन’ या ध्वनिमुद्रिकेत मेलोट्रॉन नाही, भव्यता नाही. दोन गिटारी परस्परांत गुंतत, भिन्न मात्रांच्या आवर्तनांनी दुरावत व पुन्हा भेटत राहतात. दुसरीकडे मॅरिलियन या वृंदाने ‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टीअर’ (१९८३) मध्ये दहा वर्षांपूर्वीच्या जेनेसिसची आठवण करून देणारी शैली पुन्हा जागविली, आणि तिला ‘निओ-प्रोग्रेसिव्ह’ असे नाव पडले. या संज्ञेतच सारा इतिहास साठविलेला आहे. जे पुढे जाणारे, त्यास ‘नव’ हा उपसर्ग लावण्याचे प्रयोजनच उरत नाही; तो लागला, याचा अर्थ मूळ विशेषण तोपर्यंत गतकाळातील एका शैलीचे नाव होऊन बसले होते.

म्हणून मॅरिलियनला उणे लेखण्याचे मात्र कारण नाही. शैली जतन करणे हेही संगीतातील एक कार्य आहे. घराण्यांची परंपरा असलेल्या प्रदेशात हे वेगळे सांगावयास नको. शिवाय याच वृंदाच्या श्रोत्यांनी १९९७ मध्ये आपसात सुमारे साठ हजार डॉलर जमवून त्याचा अमेरिकेचा दौरा घडवून आणला, आणि २००१ च्या ‘अनोरॅकनोफोबिया’ या ध्वनिमुद्रिकेचे मूल्य बारा हजारांहून अधिक श्रोत्यांनी ती तयार होण्यापूर्वीच भरले. समीक्षकांनी ज्याचा मृत्युलेख वीस वर्षांपूर्वी लिहिला होता, त्या संगीताचा योगक्षेम रसिक असा चालवीत होते. पुढे विद्यापीठीय संशोधनही त्याच्याकडे वळले. एडवर्ड मॅकन यांचा ‘रॉकिंग द क्लासिक्स’ हा ग्रंथ १९९७ चाच आहे.

८

या सर्व विवेचनावरून एवढे म्हणता येते की, रसिकांच्या शिफारशी हा विश्वसनीय पुरावा आहे. मात्र शिफारस करणारा ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द गतिवाचक अर्थाने वापरतो की शैलीवाचक, हे आधी पाहिले पाहिजे. शैलीवाचक अर्थ घेतला तर हा इतिहास १९७५ च्या आसपास थांबतो व पुढे उरते ते जतन. गतिवाचक अर्थ घेतला तर तो माग्मा व ‘डिसिप्लिन’ यांतून पुढे चालू राहतो.

दोन्ही अर्थांना न्याय देणारा श्रवणक्रम सुचवावयाचा झाल्यास तो असा असावा. प्रथम ‘क्लोज टू द एज’, कारण दीर्घ रचनेची कसोटी तेथे स्वच्छ समजते. नंतर ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’, तीतील इंग्रजी विनोद व माधुर्य यांसाठी. मग मूळ इटालियन ‘पेर उन अमिको’. त्यानंतर किंग क्रिम्सनच्या १९६९, १९७४ व १९८१ च्या तीन ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकाव्यात; यांतील मधली ‘रेड’, आणि तीतील ‘स्टारलेस’ ही शेवटची रचना, मेलोट्रॉनचा विषाद व पुढील काळाचा कठोरपणा यांमधील दुवा आहे. या तीन तबकड्यांत एकच वृंद आहे यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. विशेषणाचा मूळ अर्थ त्या अविश्वासातच कळतो. ‘टोपोग्राफिक ओशन्स’ सर्वांत शेवटी घ्यावी, एकेका दिवशी एकच बाजू, आणि कोणता भाग गाळता येईल याचा निर्णय श्रोत्याने स्वतः करावा.